अठ्ठावन्न मिलिमीटरचं भोक

९ मार्च

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. फाडून टाकायचं असेल तर खुशाल टाक, पण पुस्तकं बांधणारा माणूस आहेस, निदान घडीवर नीट फाड. उगाच चिंध्या करून प्रेसमधल्या झाडूवाल्याला कामाला लावू नकोस. चार वर्षांनी बहिणीचं पत्र येतं आणि सुरुवातच टोमण्याने, असं म्हणशील. म्हण. मी काही बदलले नाही, फक्त गुडघे गेलेत.

पत्ता पान्हेबुवाने दिला. बाबांनी त्या प्लंबरला ठेवलेलं नाव अजून चालू आहे, आता तर गल्लीतली पोरंही त्याला तसंच म्हणतात. मुलीकडे गेला होता तेव्हा तू प्रेसच्या दारात भेटलास, कोपरापर्यंत खळ लागलेली होती, त्याला चहा पाजलास, जावयाची चौकशी केलीस आणि माझ्याबद्दल एक अक्षर काढलं नाहीस, हे सगळं त्याने मला तिखटमीठ लावून सांगितलं. केस सगळे पांढरे झालेत म्हणाला. मी नुसतं हं म्हटलं आणि त्याला गळका नळ दाखवला.

आता लिहायचं कारण. माझ्या घराला लागून उतारावर खाली असलेलं तुझं घर तीन वर्षं बंदच होतं. बंद घर खराब होतं म्हणून गेल्या वर्षी एका नर्सला राहायला दिलं. तुला न विचारता दिलं, रागव हवं तर. बाई चांगली आहे, कडक आहे, दारात चपला सरळ रेषेत ठेवते. तिच्यासोबत तिची म्हातारी आई असते. आईला जिना चढवत नाही, म्हणून नर्सने मला विचारलं, "ताई, ती खालची तीन पायऱ्या उतरून जायची खोली आहे ना, ती आईला देऊ? न्हाणीघर लागूनच आहे, बरं पडेल."

तू बाबांना त्या खोलीत का ठेवलं होतंस, तेच कारण. शब्दसुद्धा तेच.

मी म्हटलं, घर भावाचं आहे, त्याला विचारून सांगते. ती म्हणाली विचारा, घाई नाही. तर मी विचारतेय. हो किंवा नाही, एवढंच कळव. कार्ड टाकलंस तरी चालेल.

ताई


२८ मार्च

धाकट्या,

कार्ड आलं नाही. पोस्टमनला मी दोनदा अडवलं. आता तो लांबूनच हात हलवून नाही म्हणतो.

तू उत्तर देणार नाहीस हे मला कळायला हवं होतं. पण नर्सने काल परत विचारलं, आणि मी परत काहीतरी पुटपुटले. नाही म्हटलं तर का नाही ते सांगावं लागेल. ती सगळ्याचं कारण विचारते, दवाखान्याची सवय. त्या खोलीत आधी काय झालं हे तिला कुणी सांगितलेलं नाही, गल्लीनेही नाही, म्हणजे बघ गल्ली किती सुधारली.

तिला समजवायचं तर टाकीपासून सुरुवात करावी लागेल, आणि खरं सांगू, टाकी काय असते हे मी तुलाही कधी धड सांगितलं नाही. माझं काम काय, हे आपल्या घरात कुणी विचारलंच नाही. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "मुलगी गटारांचे नकाशे काढते." तीस वर्षं काढले. म्हणून सरावासाठी तुझ्यावरच प्रयोग करते, ऐकून घे.

मोकळी जमीन असते तेव्हा पाऊस पडला की माती पिते. घर वाढवलं, अंगणात काँक्रीट घातलं की माती संपली. मग छपरावरचं, अंगणातलं सगळं पाणी एकदम धावत सुटतं, आणि उतारावर खाली जो राहतो त्याच्या दारात जातं. म्हणून बांधकामाला मंजुरी देताना पालिकेचे ऑफिसवाले म्हणतात, अंगणाखाली टाकी बांधा. सगळं पाणी आधी टाकीत. टाकीच्या तोंडाशी एक पोलादी पत्रा चार बोल्टनी बसवायचा आणि त्याला एकच लहान भोक ठेवायचं. आत पाणी कितीही येवो, बाहेर भोकातून जाईल तेवढंच जाणार. अर्ध्या तासात कोसळलेला पाऊस तीन तासांत सुटतो. एवढंच आहे ते. टाकी काही पाणी साठवायला नसते, थांबवायला असते.

माझ्या टाकीचं भोक अठ्ठावन्न मिलिमीटर. हिशोब मीच केला, नकाशा मीच काढला. मी कामाची खोली वाढवली आणि अंगण पक्कं केलं तेव्हा तू कुंपणापाशी येऊन म्हणाला होतास, "ताई, तुझं सगळं पाणी आमच्या अंगावर येईल गं." आणि मी तुला मोजपट्टी दाखवून म्हटलं होतं, "एक थेंब जास्त येणार नाही, माझा शब्द." बाबा आतून हसले होते. तुझा चेहरा मला आठवतो, तुझा विश्वास बसला होता.

मग तो मंगळवार. मी ऑफिसात नकाशे द्यायला गेले होते. परत आले तेव्हा गल्लीत माणसं जमली होती आणि सगळं संपलेलं होतं. तू दोन वाजता केस कापायला गेलास, अडीचला पाऊस कोसळला, चाळीस मिनिटांत तुझ्या अंगणातल्या गटारावरच्या जाळीतून पाणी उलटं वर आलं आणि तीन पायऱ्यांवरून खाली उतरलं. त्या खोलीचं दार बाहेर उघडणारं. बाहेर पाणी साचलं की आतून ढकलता येत नाही, तरण्याताठ्या माणसालाही नाही, आणि बाबा तर पलंगावरून उतरतानाच पडले असणार. हे तुला सांगायची गरज नाही, माहीत आहे मला. दार तूच फोडलंस.

ऑफिसच्या रिपोर्टात आलं की खालच्या घराच्या जाळीची सफाई झालेली नव्हती. हे मी म्हणत नाही, रिपोर्ट म्हणतो. तू सकाळीच जाळी काढून धुतली होतीस असं सांगत होतास, तीन-तीनदा सांगत होतास, आणि कुणी ऐकत नव्हतं. मीही तुझी बाजू घेतली नाही.

म्हणून विचारते, त्या खोलीत आणखी एका म्हाताऱ्या माणसाला ठेवायचं का?

ताई


११ एप्रिल

धाकट्या,

परवा पाऊस झाला, या महिन्यात व्हायला नको होता तसा. मी सगळं काम टाकून खिडकीत उभी राहिले. नर्सच्या अंगणात बोटभर पाणी चढलं. फक्त बोटभर, आणि तासाभरात उतरलं, पण तोवर मी खिडकीतून हलले नाही. पाऊस थांबल्यावर झाकण उचलून बघितलं. पत्रा जागेवर होता. असणारच, कुठे जाईल?

हे बोटभर पाणी आलं कुठून याचा विचार करत बसले. माझ्याकडून नाही. वरच्या गल्लीतून. तिथे सतरा घरं आहेत आणि सतरा टाक्या आहेत, त्यातल्या अकरा माझ्या नकाशाच्या. पान्हेबुवाला बोलावून विचारलं, "खरं सांग, किती पत्रे जागेवर आहेत?" तो डोकं खाजवायला लागला. मग म्हणाला, "बाई, आता तुम्हाला काय सांगायचं. तीन असतील."

तुला हे ठाऊक नसेल. या धंद्यात एक पद्धत आहे. ऑफिसचा माणूस येतो, टेप लावतो, भोक मोजतो, सही करून जातो. तो कोपऱ्यावर वळला की प्लंबर मालकाला विचारतो, "ठेवायचा की उतरवायचा?" चहा घेणार का विचारावं तसं विचारतो. आणि बहुतेक जण म्हणतात उतरव. कारण पत्रा असला की मोठ्या पावसात टाकी भरते, पाणी झाकणातून वर येतं आणि अंगणात दोन तास घोट्याइतकं उभं राहतं. ते तसंच राहायला हवं असतं, नकाशातच तसं असतं, पण पैसे घालून केलेल्या अंगणात पाणी कुणाला बघवतं? पत्रा काढला की अंगण कोरडं ठाक. पाणी खालच्याकडे गेलं, खालचा बघून घेईल. पत्रा शेडमध्ये खिळ्याला टांगायचा, पुन्हा कुणी तपासायला आलं तर हाताशी असावा.

मी तीस वर्षं या गोष्टीवरून प्लंबर लोकांशी भांडले. एकाला तर मी सगळ्यांसमोर खुनी म्हटलं होतं. आपल्याकडेही पाहणी झाल्यावर ░░░░░░░░░░░░░░

वरची ओळ खोडली आहे. उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस, शाई दोनदा फिरवली आहे.

नर्सची आई मला आवडायला लागली आहे, हीही एक पंचाईत. दुपारी कुंपणापाशी खुर्ची टाकून बसते आणि मला विचारते, "आज कोणाच्या घराचं पाणी वळवलंस?" कान तल्लख आहेत. दात नाहीत, त्यामुळे हसली की सगळा चेहरा आत जातो.

लिही ना काहीतरी. शिव्या दे.

ताई


१९ एप्रिल

धाकट्या,

काल दुपारी नर्सने आईचा पलंग खाली नेला. उत्तराची वाट बघून कंटाळली बिचारी. मी वरून बघितलं, दोन हमाल पलंग तिरका करून त्या दारातून आत घालत होते, आणि मी अनवाणी खाली धावले. म्हटलं, "नाही, तिथे नाही ठेवायचं." ती म्हणाली, "का?" मी म्हटलं, "ओल येते." ती म्हणाली, "कुठे आहे ओल? मी रंग दिलाय." मी म्हटलं, "माझे वडील या खोलीत बुडून गेले."

हमालांनी पलंग तसाच धरून ठेवला. मला वाटलं, आता थांबेन. पण एकदा तोंड उघडल्यावर थांबता आलं नाही, मी पायरीवर बसले आणि त्या परक्या बाईला सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर तिने एकच विचारलं, "तुमच्या भावाला हे माहीत आहे?"

तिला आधी सांगितलं आणि तुला नंतर, याची लाज वाटते. आता तुला सांगते.

माझ्या टाकीचा पत्रा जागेवर नव्हता.

टाकी बांधल्यावर पहिल्याच मोठ्या पावसात माझ्या अंगणात पाणी उभं राहिलं, राहायला हवं तेवढंच. नेमके तेव्हा एक नवराबायको घराचा नकाशा काढून घ्यायला आले. चपला हातात घेऊन दारापर्यंत आले. नवरा हसत म्हणाला, "बाई, आमच्याही अंगणात असंच तळं करून देणार का?" बायको पदर तोंडाला लावून हसली. मी त्यांना समजावू शकले असते, तीस वर्षं तेच समजावत आले. पण त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःच्या दारात, स्वतःच्या कामावरून हसू झालेलं मला सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी पान्हेबुवाला बोलावलं आणि म्हटलं, "उतरव." तो म्हणाला, "तुमच्या तोंडून हे ऐकेन असं वाटलं नव्हतं." मी म्हटलं, "तुला काय करायचंय? बोल्ट काढ."

दोन वर्षं पत्रा शेडमध्ये लटकत होता. लहानसहान पाऊस येऊन गेले, तुझ्याकडे काही झालं नाही, आणि मी विसरून गेले. खरंच विसरले रे. हेही लिहून ठेवते, कारण ते जास्त वाईट आहे.

त्या मंगळवारी माझ्या छपरावरचं आणि अंगणातलं सगळं पाणी एका झटक्यात तुझ्या जाळीखालच्या गटारात आलं. ते गटार तेवढं घेऊच शकत नव्हतं. तुझी जाळी स्वच्छ होती. पानं पाण्याबरोबर खालून वर आली आणि पाणी उतरल्यावर जाळीवर बसली. तू सकाळी धुतली होतीस, धाकट्या. तू खरं सांगत होतास.

अजून आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, बाबा अजून दवाखान्याच्या शवागारात होते, मी शेडमधून पत्रा काढला आणि टाकीत उतरले. गुडघे तेव्हा बरे होते. तळाशी नडगीपर्यंत गाळ होता. एक बोल्ट हातातून निसटून त्यात पडला, तो चाचपून काढला, धुतला, लावला. अकरा वाजता ऑफिसचा माणूस आला. टेप लावून म्हणाला, "अठ्ठावन्न. बरोबर." आणि मला हायसं वाटलं. बाप जाऊन एक दिवस झाला होता, आणि मला हायसं वाटलं.

मग तो तुझ्या जाळीकडे वळला. पानं बघून त्याने वही काढली. तू म्हणत होतास, "सकाळीच धुतली होती हो." तेव्हा मी सगळ्यांसमोर ओरडले, "बाप बुडत होता आणि तू आरशासमोर बसून केस कापून घेत होतास!" तू माझ्याकडे बघितलंस आणि पुढे एक शब्द बोलला नाहीस. नऊ वर्षं तू त्यांचं हगणंमुतणं काढलंस, त्यांच्यासाठी बाहेरची नोकरी सोडून घरात पुस्तकं बांधत बसलास, आणि महिन्यातून एकदा केस कापायला जायचास, तेही त्यांनीच "जा रे, माणसात ये जरा" म्हणून घालवल्यावर. तुझ्यावर मी ते वाक्य टाकलं, कारण सगळ्यांनी तुझ्याकडे बघावं आणि माझ्या टाकीकडे बघू नये.

तू बाबांना मारलं नाहीस. मी हे चार वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. तू किती वर्षं काय समजून जगतोयस याचा विचार मी करत नाही, कारण केला की झोप लागत नाही, आणि मी झोपते, धाकट्या. मी रोज झोपते.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी द्यावं लागेल.

ताई


६ मे

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमनने या वेळी हात हलवला नाही, आत येऊन हातात दिलं आणि तिथेच घोटाळत राहिला. मी त्याला हाकललं.

दोनच ओळी. पहिली मी इतक्यांदा वाचली आहे की पाठ झाली. "ताई, त्या सकाळी तू टाकीतून बाहेर आलीस तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा होतो, तुझ्या हातात पान्हा होता."

म्हणजे तुला माहीत होतं. मी आरशाबद्दल ओरडले तेव्हा तुला माहीत होतं, आणि तू माझ्याकडे बघितलंस ते त्यामुळे. मी चार वर्षं समजत होते की तू अपराध्यासारखा गप्प झालास. तू तर मला वेळ देत होतास. मग तीन आठवडे त्याच घरात राहिलास, रोज कुंपणापाशी यायचास, भिजलेली पुस्तकं वाळत घालायचास, मी वर खिडकीत दिसले की थांबायचास. मी पडदा ओढायचे. मला वाटायचं, हा माझ्याकडून सांत्वनाची वाट बघतोय. शेवटी किल्ली पान्हेबुवाच्या हातात देऊन गेलास.

तू का नाही सांगितलंस रे त्या ऑफिसवाल्याला? एक वाक्य पुरलं असतं. आता विचारायचा हक्क मला नाही, तरी सवयीने विचारून गेले.

दुसऱ्या ओळीचं उत्तर नंतर देते. आधी कामाचं सांगते.

तुझं कार्ड आलं त्याच दिवशी मी ऑफिसात गेले. जुना माणूस बदलून गेलाय. नवीन आहे तो चष्मा लावून इतका गंभीर बसतो, जणू सगळ्या शहराचं पाणी त्याच्या टेबलावरून जातं. म्हणाला, "बाई, ती फाईल बंद झाली." म्हटलं, "उघडा." म्हणाला, "उघडायला अर्ज लागतो, अर्जाला नकाशा लागतो, नकाशावर परवानाधारकाची सही लागते." म्हटलं, "नकाशा माझा, परवाना माझा, गुन्हाही माझाच, आता सही कुठे करू तेवढं दाखवा." तेव्हा तो जरा ताठ बसला. माझं निवेदन त्याने तीनदा वाचलं, मग आत जाऊन साहेबाला घेऊन आला. साहेबाने मला बसायला खुर्ची दिली. एवढं काम करून तीस वर्षांत तिथे मला कधी खुर्ची मिळाली नव्हती.

पान्हेबुवानेही लिहून दिलं. रडला तो, मी नाही. रिपोर्टाला आता नवं पान जोडलं जाईल, त्यात लिहिलं असेल की खालच्या घराची जाळी स्वच्छ होती आणि तिथल्या माणसाची चूक नव्हती. त्याची एक प्रत तुला प्रेसच्या पत्त्यावर येईल. माझा परवाना मी टेबलावर ठेवून आले. पोलीस चौकशी होईल म्हणाले, होऊ दे.

नर्सच्या आईचा पलंग वर नेला. खालच्या खोलीचं दार मी काढूनच टाकलं, बिजागऱ्यांसकट, तुला न विचारता. आणि पान्हेबुवाला घेऊन वरच्या गल्लीतली चौदा घरं फिरले, पत्रे परत लावून घ्या म्हणून. पाच जणांनी लावले. बाकीच्यांनी दार लावून घेतलं. एक जण तर म्हणाला, "तुमच्यामुळे आमच्यावर नोटीस येणार, आणि वर तुम्हीच शिकवताय?" त्याचंही बरोबर आहे. पण पाऊस आला की मी पुन्हा जाणार आहे, त्याच्या दारातून खाली धावणारं पाणी त्याला दाखवायला.

नर्स माझ्याशी बोलते, पण आता ताई म्हणत नाही. बाई म्हणते.

उद्या लिहिते.

ताई


७ मे

धाकट्या,

काल दुसरी ओळ टाळली. ऑफिसातही टाळली. त्यांच्या फॉर्मवर प्रश्न होता, घटनेच्या वेळी आपण कुठे होतात, आणि सगळं कबूल करायला गेलेल्या माझ्या हाताने तिथे आपोआप तेच लिहिलं जे चार वर्षं सगळ्यांना सांगत आले. तुलाही याच पत्रांमधून सांगितलं. सोमवारी जाऊन तो फॉर्म बदलून देणार आहे, पण त्यांच्या आधी तुला कळायला हवं. या वेळी तरी.

तू लिहिलंयस, "त्या दुपारी तू खरंच ऑफिसात होतीस का? मी वळणावरून धावत आलो तेव्हा तुझ्या कामाच्या खोलीत दिवा होता."

नव्हते ऑफिसात. घरीच होते.

पावसाने अंधारून आलं म्हणून दिवा लावला होता. तू केस कापायला गेलायस हे मला माहीत नव्हतं, एवढं मात्र खरं आहे. मला वाटत होतं तू खाली आहेस, तू नेहमीच असायचास. खालच्या खोलीचा झरोका माझ्या खिडकीच्या बरोबर खाली. तीनच्या सुमाराला बाबांची हाक आली, "धाकट्या!" मी मान वर केली नाही. दिवसातून पन्नास वेळा ते तुला हाक मारायचे, पाण्यासाठी, चष्म्यासाठी, नुसतंच. थोड्या वेळाने परत, "धाकट्या!" या वेळी मोठ्याने. मी मनात म्हटलं, आहे की तुमचा लाडका, देईल ओ. खोटं कशाला बोलू, मला त्या हाकेचा रागच यायचा. नऊ वर्षांत त्यांनी कशासाठीही मला हाक मारली नव्हती.

तिसरी हाक माझ्या नावाची होती.

"ताई."

मोठी नव्हती. मी ऐकली. माझ्या हातात शाईचं पेन होतं आणि पट्टीवर रेघ अर्ध्यावर आली होती, एका घराच्या गटाराची, हातभर लांब. शाईची रेघ मध्येच सोडली की जोड दिसतो, मग सगळा कागद पुन्हा काढावा लागतो. मी रेघ पूर्ण केली. पेनाला टोपण लावलं. मग उठले आणि दारापर्यंत गेले, तुला खरं सांगते, कडीला हात लावला होता.

हाक थांबली होती, म्हणून मी परत येऊन बसले.

ताई